गाढवासाठी उघडलेलं दार

सोमवार, ३ फेब्रुवारी

येणार! कागदआजी आमच्या वर्गात येणार! पत्राचं उत्तर आलं — एकवीस तारखेला, मधल्या सुट्टीनंतर. मोठ्या बाई म्हणाल्या, "अहो, शिपाई बघतोय, उड्या काय मारताय!" मारल्या तरी.

कागदआजी हे नाव पोरांनी ठेवलं. त्या मुलांची पुस्तकं करतात, पण चित्रं रंगवत नाहीत, कागद फाडून चिकटवतात. माझ्या लहानपणी त्या आजी नव्हत्या, पण त्यांचं गाढवाचं पुस्तक माझ्याकडे होतं. अजून आहे. हरवलेलं गाढव गावभर भटकतं आणि शेवटच्या पानावर आपल्या घरापाशी येतं. त्या घराचं दार बोटानं उघडता येतं! आत पिवळाधमक उजेड, आणि त्यात चक्क उलटी अक्षरं. वाचायला शिकल्यावर कळलं — 'अनुक्रमणिका'. काय हसायचे मी!

संध्याकाळी ते काढून बसले. अजून खळीचा वास येतो. बाबा बाइंडर. आई माझ्या पाचव्या वर्षी गेली, आणि त्याच वर्षी हे पुस्तक घरात आलं. दुसऱ्याच दिवशी बाबांनी ते शिवायला म्हणून दुकानात नेलं आणि चार दिवस दिलं नाही. मी रडून घर डोक्यावर घेतलं होतं म्हणे.

हजारो पुस्तकं त्यांच्या हाताखालून गेली, पण मला एक गोष्ट कधी वाचून दाखवली नाही. प्रगतीपुस्तक पुढे केलं की सही करायचे आणि म्हणायचे, "ठेव तिथे, बघतो." पहिला नंबर आला तरी तेच. एवढी वर्षं झाली, अजून सलतं.

गुरुवार, ६ फेब्रुवारी

कातऱ्यांना सुट्टी! आज नुसतं फाडायचं. चिमणीनं तीनदा विचारलं, "बाई, फाडल्यावर ओरडणार नाही ना?" मग अशी सुटली की घंटा होईपर्यंत फरशी दिसेना. शिपाईकाकांनी माझ्याकडे असं बघितलं की झाडू मीच घेतला.

मंगळवार, ११ फेब्रुवारी

आज दारं केली. पुठ्ठ्याचं दार, आत पिवळा कागद, आणि त्यावर जे भेटावंसं वाटतं ते. कुणाची आजी, कुणाचा कुत्रा. ढब्बूनं पंखा चिकटवला — "उकडतंय, बाई!" खाली सगळ्यांनी उलटं 'अनुक्रमणिका' लिहिलं.

"पण उलटं का?" चिमणीच ती!

मी ठोकून दिलं — गाढव आनंदानं पाय वर करून लोळतंय, त्याला सगळं उलटंच दिसणार. पोरांना पटलं. मला तर लहानपणीच पटलेलं.

शुक्रवार, १४ फेब्रुवारी

प्रदर्शनासाठी ग्रंथपालांनी नवी प्रत दिली. दार उघडेना! नखानं खरवडलं. "छापखान्यानं घोळ घातलाय," मी ठणकावून सांगितलं. त्यांनी जुनी प्रत काढली. मग त्याहून जुनी. तिन्हींत दार बंद. गाढव बाहेर, पायरीवर झोपलेलं.

"बाई, शेवट असाच आहे. आमची धाकटी रडते म्हणून आम्ही हे पान वाचतच नाही."

भिंतीवर अठ्ठावीस दारं! आता कागदआजींना काय तोंड दाखवू?

शनिवार, १५ फेब्रुवारी

माझी प्रत उन्हात धरून पाहिली. दार पात्यानं कापलंय, अगदी सरळ रेषेत. मागे कुठल्यातरी पुस्तकाचं पिवळं पान चिकटवलेलं. आतून मलमलची पट्टी, बिजागरीसारखी. ती पट्टी मी ओळखते. आमच्या घरात तिचे तुकडे पायात यायचे.

बाबा!

पुस्तक नेलं म्हणून मी रडले नव्हते. रडले म्हणून त्यांनी ते नेलं होतं.

मग एका शब्दानं कधी सांगितलं का नाही?

रविवार, १६ फेब्रुवारी

बाबांना फोन लावला. "जेवलात का?" एवढंच विचारून ठेवला.

शुक्रवार, २१ फेब्रुवारी

कागदआजी आल्या. एवढ्याशा आहेत! भिंतीपुढे बराच वेळ उभ्या राहिल्या, एकेक दार उघडून बघत. मी सगळं कबूल केलं आणि माझी प्रत त्यांच्या हातात दिली. त्यांनी ते दार तीन-चारदा उघडलं, मिटलं. म्हणाल्या, "माझ्यापेक्षा चांगला शेवट केलाय." माझ्या डोळ्यांत पाणीच आलं.

मग म्हणाल्या, "पण एवढा पक्का हात, आणि अक्षरं उलटी कशी लागली?"

"घाईत झालं असेल," मी म्हटलं. बाबा आणि घाई! माझं मलाच पटेना.

चिमणी पहिल्या बाकावरून म्हणाली, "बाई, त्यांना वाचता येत नसेल. माझा छोटा भाऊ पण पुस्तक उलटंच धरतो."

वर्ग हसला. मला हसता आलं नाही.

शनिवार, २२ फेब्रुवारी

बाबा हल्ली माझ्या भावाकडे, दादाकडे असतात. तिथे जाऊन त्यांना विचारलं. "मला कुठे वाचता येतं, बाळ? आकडे येतात, पानं लावायला तेवढे पुरतात. गाढवाला घरात घेतलं नाही, एवढं चित्रावरून कळलं." मग उठून त्यांनी कपाटातून एक जाड पुस्तक काढून दिलं. माझी सगळी प्रगतीपुस्तकं, एकत्र शिवलेली, वर कापडी पुठ्ठा. त्यातली दोन उलटी.