अकरा रिकाम्या कॅसेटी

ती. आबा,

साष्टांग नमस्कार मुद्दामच लिहिला नाही. रागावलेय मी तुमच्यावर. तुम्ही जाऊन आठ महिने झाले. या आठ महिन्यांत तुमच्या फोटोला रोज हार घातला, दुकानात तुमच्या खुर्चीवर बसायला शिकले, दोनचारदा रडलेसुद्धा. आणि मागच्या आठवड्यात सलग तीन दिवस मी तुम्हाला चोर समजत होते. हे तुमच्याशिवाय कुणाला सांगू? तुमचे चिरंजीव म्हणतात, गेलेल्या माणसाचं कशाला उकरून काढतेस. म्हणून आज दुकान बंद ठेवून तुम्हालाच लिहायला बसले.

तळेगावचे गोरे आठवतात ना? जुन्या व्हिडिओ गेमच्या कॅसेटी जमवणारे, एकेक कॅसेट पांढऱ्या रुमालात गुंडाळून आणणारे. ते आले. काउंटरवर रुमाल सोडला, तर कॅसेटचे स्क्रू आधीच काढलेले. मग मोबाइलमधला एक फोटो माझ्यापुढे धरला. आपल्याकडे दुरुस्तीला देण्याआधी त्यांनी आतल्या बोर्डाचा फोटो काढून ठेवला होता. फोटोतल्या बोर्डावर कोपऱ्यात निळ्या शाईची फुली होती. कॅसेटमधल्या बोर्डावर फुली नव्हती.

"कॅसेट उत्तम चालते," ते म्हणाले. "फक्त ती माझी नाही. माझा बोर्ड आबांनी कुणाला विकला, तेवढं सांगा."

मी आठवड्याची मुदत मागून घेतली. त्यांनी दिली, कॅसेटही ठेवली, पण जाताना दुकानाच्या पाटीचा फोटो काढून नेला. तो कशासाठी, हे न कळायला मी काही दूधखुळी नाही. लोणावळ्यात इतकी वर्षं तुमच्या नावावर लोक डोळे झाकून टीव्ही सोडून जायचे. त्या नावाचं आता काय होणार, याच विचारात मी त्या दिवशी जेवले नाही.

माझा स्वभाव तुम्हाला माहीत आहे. घरात मला फौजदारीण म्हणायची सुरुवात तुम्हीच केलीत. एकदा शंका आली की मला मागचं सगळं नीट आठवायला लागतं. बोर्ड बनवणाऱ्या फॅक्टरीतलं कंत्राटी काम सुटलं तेव्हा तुम्हीच मला दुकानात बसवलंत आणि कॅसेटींचं काम माझ्याकडे दिलंत. मी कॅसेट उघडायची, पिना साफ करायची, सुटलेला सांधा पुन्हा जोडायची, टीव्हीला लावायची. चित्र स्वच्छ दिसायचं. तरी तुम्ही म्हणायचात, "असू दे, मी एकदा बघतो." आणि कॅसेट डब्याच्या पिशवीत घालून भाजे गावातल्या आपल्या घरी न्यायचात! टीव्ही दुकानात, मीटर दुकानात, मग घरी नेऊन बघायचं काय? तेव्हा वाटायचं, फॅक्टरीतून आलेल्या सुनेवर यांचा भरवसा नाही. गोरे येऊन गेल्यावर वाटलं, अच्छा, म्हणजे हे चाललं होतं तर.

आणि माझा पॉलिश पेपर? दर आठवड्याला गायब व्हायचा. आधी मी उंदरांवर संशय घेतला, मग शेजारच्या चहावाल्यावर. त्या बिचाऱ्याशी मी पंधरा दिवस बोलले नव्हते. त्या पेपरच्या जागी तुम्ही खोडरबर आणि स्पिरिटची बाटली ठेवायचात. इतका राग यायचा! मी काय पहिलीतली पोरगी होते, खोडरबर हातात द्यायला? मी गुपचूप नवा पेपर आणायची आणि पर्समध्ये ठेवायची.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी घरातलं तुमचं काचेचं कपाट उघडलं. तुमच्या स्वतःच्या कॅसेटी. कुणाला हात लावू द्यायचा नाहीत, दिवाळीला धूळसुद्धा तुम्हीच पुसायचात. पहिली उचलली तर हाताला हलकी लागली. हलवून पाहिली, स्क्रू काढले. आत काहीच नव्हतं, आबा! नुसतं प्लास्टिकचं टरफल. एकेक करत सगळं कपाट खाली घेतलं. अकरा कॅसेटी रिकाम्या निघाल्या.

झालं. माझ्या मनात खटला चालून शिक्षासुद्धा झाली. गिऱ्हाइकांचे बोर्ड विकले, स्वतःचेही विकले. कुणाला? कशासाठी? तुम्हाला कुठलं व्यसन होतं का, हेही मी आठवून पाहिलं. गुडघेदुखीच्या तेलापलीकडे काही सापडेना. तुमच्या फोटोचा हार मी त्या दिवशी बदलला नाही. खरं सांगते, मुद्दामच बदलला नाही.

तिसऱ्या दिवशी आईंना विचारलं. त्या ओट्यावर वाल सोलत होत्या. मी रिकामी टरफलं त्यांच्यापुढे मांडली आणि सरळ म्हटलं, आबांनी आतले बोर्ड विकलेत, तुम्हाला माहीत होतं ना? त्यांनी वालाची टोपली बाजूला सारली. हात पुसून आत गेल्या आणि तांदळाच्या पिंपामागून बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा घेऊन आल्या.

डब्यात अकरा बोर्ड होते. एकेक वर्तमानपत्रात गुंडाळलेला, वर तुमच्या अक्षरात गिऱ्हाइकाचं नाव. गोरेंचाही होता, निळ्या फुलीचा. मी तो खिडकीशी नेला आणि पिना पाहिल्या. सोनेरी रंग कुठेच नव्हता. तांबं काळं पडलेलं, दोन पिना तर मुळापासून उचकटलेल्या. आणि सगळ्यांवर बारीक ओरखडे, उजवीकडून डावीकडे उतरणारे. दुसरा बोर्ड पाहिला, तिसरा पाहिला. सगळीकडे तेच. घरात आणि दुकानात मिळून डावखुरं कोण आहे, आबा? मी एकटी.

फॅक्टरीत आम्ही नुसत्या तांब्यावर पॉलिश पेपर मारायचो, सोल्डर नीट धरावं म्हणून. तीच सवय. कॅसेटच्या पिनांवर सोन्याचा पातळ मुलामा असतो तो खोडरबराने हळूच पुसायचा असतो आणि पेपरने एकदा गेला की संपलं, हे मला कुठे ठाऊक होतं? घासल्यावर चित्र लगेच यायचं. मी खूश, गिऱ्हाईक खूश. मग लोणावळ्याचं धुकं, बंगल्यातली बंद कपाटं, ओल. दोन महिन्यांत तांबं काळं, आणि कॅसेट परत. परत आलेली तुम्ही माझ्या नजरेला पडूच देत नव्हतात, आणि पुढे पुढे तर गिऱ्हाइकाला द्यायच्या आधीच घरी नेऊन बोर्ड बदलत होतात.

आईंनी वालाची टोपली पुन्हा पुढ्यात ओढली आणि खाली बघतच म्हणाल्या, "त्यांनी काय इकलं न्हाई. तुज्या हातनं गेलेली हितं आनून ठिवली, आन् आपल्या कॅसेटीतलं काडून गिऱ्हाइकाला दिलं. म्हनले, आत्ताच पोरीची फॅक्टरी सुटलीया. हितंबी चूक दाखवली, तर परत कशाला हात लावायची न्हाई ती."

तुम्हाला वाटेल, मी रडले असेन. नाही रडले. आधी लाजेने कान तापले आणि मग संताप आला. त्याच गेमची तुमची स्वतःची कॅसेट फोडून लोकांना दिलीत, अकरा वेळा! पेपर लपवलात, खोडरबर ठेवलंत, पण तोंड उघडलं नाहीत. हे सगळं माझ्यासाठीच होतं ना? की सुनेने काम बिघडवलं हे बाजारात कळू नये म्हणून? माझा संशय अजून पुरता जात नाही. थोडं हे आणि थोडं ते असणार. तसं असलं तरी माझी काही तक्रार नाही.

तक्रार वेगळीच आहे. तुम्ही गेल्यावरही मी आठ महिने पेपरच मारत होते, ओलीला दोष देत परत आलेल्या कॅसेटींवरसुद्धा! त्या कॅसेटी आता कुणाच्या पिशवीतून घरी जायच्या होत्या? तुम्ही मला सांभाळलंत खरं, पण तुमच्यामागे मी काय करीन, याचा विचार कसा केला नाहीत?

आणि आणखी एक. गोरेंचा बोर्ड मी दुरुस्त केला. व्हय आबा, तुमच्याच शब्दांत सांगते, केला. फॅक्टरीत शेवटची दोन वर्षं मी बिघडलेले बोर्ड सुधारायच्या टेबलावर होते. उचकटलेल्या जागी तांब्याची पातळ पट्टी चिकटवायची, मापात कापायची, केसाएवढ्या तारेने मागे जोडायची, वरून सोल्डरचा पातळ थर द्यायचा. चार दिवस लागले. टीव्हीला लावला आणि चित्र आलं. तुमच्याकडून जे होईना म्हणून तुम्ही डब्यात बंद करून ठेवलंत, ते मला येत होतं. फक्त कुणी मला विचारलं नाही.

मुदतीच्या दिवशी गोरे आले. दोन्ही बोर्ड मी त्यांच्यापुढे ठेवले आणि सांगितलं की पिना मी घासल्या, आबांनी बदल्यात त्यांचा स्वतःचा बोर्ड दिला, विकलं कुणी काहीच नाही. त्यांनी निळी फुली भिंगातून पाहिली, माझी पट्टी पाहिली. पाटीचा फोटो माझ्यासमोर पुसून टाकला. म्हणाले, आबांबद्दल बोललो ते मागे घेतो. मग भिंग खिशात ठेवत म्हणाले, पुढचं काम मात्र तुमच्याकडे देणार नाही. मी म्हटलं, बरोबर आहे. ते गेल्यावर मात्र रडले.

एकदा तरी तोंडावर म्हणायचं होतंत, "पोरी, चुकलीस." मी चार दिवस रुसले असते, तुम्हाला चहा दिला नसता. पाचव्या दिवशी तुमच्याशेजारी बसून तांब्याची पट्टी कशी कापायची ते दाखवलं असतं.

डब्यातली दहा नावं उरली आहेत, आणि या आठ महिन्यांतली माझी स्वतःची. वचन देते, त्या सगळ्यांना मी एकेक करून फोन करणार आहे. कॅसेट परत घेऊन या, मी बिघडवली आहे, असं मीच सांगणार. काहीजण गोरेंसारखेच निघून जातील. जाऊ देत. जे थांबतील ते माझं काम पाहून थांबतील.

तुमची सून आणि तुमच्या दुकानातली कारागीर,
वैशाली