ओल्या लाकडावरचं डांबर

प्रिय दादा,

होडीचा तळ कुजला आहे, असं आज सुतारकाकांनी पक्कं सांगितलं. सकाळी आठ जणांनी ओंडक्यांवरून ओढून ती वर घेतली. काकांनी तळाला पटाशी टेकवली, ती मुठीपर्यंत आत गेली. "ही होडी नाही राहिली, चहात बुडवलेलं बिस्किट झालंय," ते म्हणाले. 

मग त्यांनी विचारलं, "ओल्या लाकडावर डांबर कुणी फासलं? ओल आतच कोंडली."

"थोरल्याने," बाबा म्हणाले. "नोकरीवर जायची घाई झाली होती साहेबांना."

मी बाजूलाच दोर गुंडाळत होतो. गेल्या वर्षी जाताना तू मला बजावलं होतंस, पंधरा दिवस ऊन लागू दे, मगच डांबर लाव. तू गेलास त्याच्या दुसऱ्याच दिवशी मी ते लावून टाकलं. होडी कधी उतरवतोस म्हणून बाबा डोकं खात होते, आणि मलाही कंटाळा आला होता. दादा सगळं आटपून गेलाय, असं मी त्यांना सांगितलं.

आज खरं सांगायला तोंड उघडलं, तेवढ्यात बाबा होडीला टेकून खाली बसले. त्यांच्या हाताला कुजका भुसा लागला होता आणि ते तो झटकतही नव्हते. मी तोंड मिटलं आणि पुन्हा दोर गुंडाळायला लागलो.

हे पत्र टाकलं तरी वेळेत पोचणार नाही. उद्या सकाळी बाबा तुला फोनवर जाब विचारणार आहेत. त्यांना आकडे दिसत नाहीत, म्हणून नंबर मीच लावून द्यायचा आहे.

तुझा,
धाकटा