गुलाबाचा चर

वणी,
ता. २२ ऑक्टोबर १९६१

प्यारी सईदाभाभी,

अस्सलाम आलेकुम. इकडे आम्ही खुशाल, तुमची खुशाली अल्लाजवळ मागते. फुलचंद दूध घेऊन राजूरले निघाला आहे अन् दारात उभा राहून घाई करून राह्यला, म्हणून अक्षराकडे पाहू नका.

आधी बगिच्याचं सांगते, नाहीतर म्हणाल, भाभी राजूरले काय गेली, गुलनारनं वाडी उजाड केली. पाऊस सरला तसे वालाचे वेल मांडवावर चढवले. भेंडीची वाळकी झाडं उपटली, तिथं मेथी अन् सांबारासाठी धने पेरले. मेथी वर आली, सांबार अजून रुसून बसला आहे. शेवंतीले इतक्या कळ्या आल्या का शेजारची रामीबाई रोज येऊन नजर लावून जाते, मेली! अन् मुकुटबनच्या डाकबंगल्यातून तुम्ही पदराखाली लपवून आणलेल्या त्या गुलाबाच्या काड्या आठवतात? तुम्ही पुढं, चौकीदार मागं! आता छातीएवढ्या झाल्या, अंगणाच्या मधोमध, ओळीनं.

त्याच गुलाबांपायी घर फुटून राह्यलं, भाभी.

दसऱ्याच्या सुमारास आपण दोघी दरवर्षी काय करतो, तुमाले ठाऊक आहे. पाणी तोडायचं, बुडाची माती काढून मुळायले ऊन दाखवायचं, मग छाटणी, मग शेणखत. यंदा मी एकटी. एकेक आळं खोदता खोदता कंबर मोडते, म्हणून म्या डोकं चालवलं. आपल्या सायकलच्या दुकानातली सुतळी ताणली अन् ओळीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सरळ एक चरच खणला. शहाणपणा नडला.

दसऱ्याची सुट्टी म्हणून तुमचे मियाँ, आमचे जफर भाईजान, आले होते. राजूरले परतून तुमाले काय सांगितलं असेल ते मले माहीत आहे, कारण बाजारात चार लोकांत तेच बोलून गेले. "अब्बाचं वर्ष होईपर्यंत वाटणीचं नाव काढायचं नाही असं ठरलं होतं. धाकट्यानं शब्द फिरवला, अंगणात भिंतीचा पायवा खोदला. त्या घरी आता मयतीलेही पाय ठेवणार नाही."

तुमच्या देवराले, आमच्या घरधन्याले, दुकानात हे कळलं. चर काहून खणला ते म्या सांगून पाहिलं, पण तुमाले त्यायचा राग माहीत आहे, आधीच नाकावर. "भाऊ मले बेइमान समजते ना? मग घालतोच भिंत!" काल विटा येऊन पडल्या. उद्या सकाळी श्रावण मिस्त्री येते. त्याच चरात पायवा भरणार आहेत, खोदायची मेहनत वाचली म्हणतात.

म्या मुळं अजून झाकली नाहीत. झाकली तर भाईजान म्हणतील, बाईनं पाप बुजवलं. त्यायनं आपल्या डोळ्यानं पाहावं म्हणून तशीच उघडी ठेवली आहेत, अन् इकडे ती करपून राह्यली. आज-उद्यात खतमाती पडली नाही तर झाडं गेली समजा.

तुम्ही विचारसान, भाईजान आले तवा घरात कोणी नव्हतं काय?

होतं. मीच होती. हे लिहायले मघापासून हात धजत नव्हता. फावडं हातात, पदर तोंडावर. भाईजाननं विचारलं, "शब्बीरनं सांगितलं काय हे खोदायले?" अन् म्या मान खाली घातली. या घरात सून होऊन आली तेव्हापासून जेठासमोर तोंड उघडलं नाही, अम्मीनं शिकवलं तसंच वागली. मान घातली ती लिहाजानं, मोठ्यायची अदब म्हणून, त्यायले वाटलं मी 'हो' म्हणते. पाण्याचा ग्लास तसाच ठेवून निघून गेले. मनातल्या मनात मी ओरडत होती, भाईजान, गुलाब आहेत, गुलाब! तुमचे देवर म्हणतात, "मग तवाच काहून नाही सांगितलं?" याले काय उत्तर देऊ? दोन भाऊ तुटून राह्यले, अन् मी पदर सांभाळत बसली. आग लागो असल्या लिहाजाले!

फुलचंद हाका मारून राह्यला. भाभी, भाईजानले मराठी वाचता येत नाही अन् मले उर्दू लिहिता येत नाही. इथून पुढचं त्यायच्यासमोर मोठ्यानं वाचा. एक अक्षर गाळू नका, माही शपथ आहे.

भाईजान, आदाब. आजवर तुमच्याशी बोलली नाही, हे माहं पहिलं बोलणं. तुमच्या भावानं काही सांगितलं नव्हतं, त्यायले माहीतही नव्हतं. चर म्या खणला, अन् तो गुलाबाचा आहे. मिस्त्री यायच्या आधी येऊन पाहून जा. दारात मीच उभी राहीन, अन् तुम्ही विचारसान त्याचं उत्तर तोंडानं देईन. मले बेशरम म्हणा, पण त्यायले बेइमान म्हणू नका.

तुमच्याच घरची,
गुलनार