डॉक्टर आले तेव्हा मी खाटेवर बसून होतो

ता. ११ जाने. १९५८, सिंदी

कापूस निघू लागल्यापासून काही लिहिले नाही. इतक्या उशिराची माफी कोणाची मागावी, वाचणारा मीच. तरी मागतो.

परवा गुरुवारी नागपूरचे डॉ. आले. शाळेच्या मास्तरांनी त्यांना चंदाबद्दल सांगितले होते. चंदा म्हणजे माझ्या मुलाची, नामदेवची मुलगी, पाचवे वर्ष चालू. ऐकू येते, पण हाकेला ओ नाही. नजरेला नजर देत नाही. डब्याचे झाकण गरगर फिरवीत बसते. भूक लागली की म्हणते, ‘चंदाले भूक लागली काय?’ आपण विचारतो तसेच. डॉ. अशी मुले गावोगाव पाहून लिहून घेतात. वेड नाही, मुकेपण नाही. मराठीत याला अजून नाव नाही म्हणाले.

नामदेव रेल्वेच्या गँगमध्ये, रुळांच्या कामावर बडनेऱ्याकडे, म्हणून मी डॉ. शेजारी खाटेवर. सूनबाई कौसल्या दारात, पदर कपाळाखाली. डॉ. म्हणाले, मुलीला जवळ घ्या. तिने घेतले नाही. चंदा रडली तरी नाही. डॉ. लिहीत होते.

मग मला म्हणाले, आईची माया थंड असली की मूल असे मिटून जाते. काही महिने आईपासून दूर वॉर्डात ठेवून पाहू. सोमवारी ता. २० ला गाडी येईल. मी हो म्हटले. पोर बरी होईल असे वाटले. अजूनही वाटते, पण

ता. १३

कौसल्या जेवत नाही. माझ्याशी ती कधीच बोलली नाही, चंदाच्या आडून बोलते. ‘चंदा, आजाले सांग, भाकर वाढली.’ आज तेही नाही. ताट ठेवले, गेली.

ता. १५

अल्लीपूरहून बहीण गिरजा आली. तिला सर्व सांगितले. माझी बाजू घेईल असे वाटले होते. सुपारी कातरता कातरता ती थांबली.

‘डॉक्टर आला तवा तू कुठी होता?’

खाटेवर, म्हटले.

‘पुरा वेळ?’

मग पाहुण्याला सोडून जाऊ काय?

‘मंग सासऱ्यापुढं ते पोरीले उचलन कशी? तुही बायको बाबापुढं नामदेवले कवा घेत होती काय? डॉक्टरले नाई समजलं, तुले तं समजाचं होतं. तू मान हालवून राह्यला होता.’

हे मला माहीत नव्हते असे नाही. इतके माहीत होते की दिसलेच नाही. नागपूरला दीक्षा घेऊन आलो तेव्हा घरातले देव स्वतःच्या हाताने नदीत सोडले. ही रीत काऊन राहिली? मला बरी वाटत होती म्हणून.

ता. १६

बाजारात जातो असे सांगून निघालो आणि कुडाच्या भिंतीमागे थांबलो. चोरासारखा. आत चंदा झाकण फिरवीत होती. कौसल्या तिच्यासमोर बसून दुसरे झाकण फिरवीत होती. एक पडले की दोघी हसत. चंदाचे हसणे मी पहिल्यांदा ऐकले. मग कौसल्येने तिला मांडीवर आडवे घेतले आणि पाय चोळत बसली.

मला खोकला आला. आत एकदम सगळे थांबले. कौसल्या उठली, पदर ओढला, पोर खाली.

ता. १७

पॅसेंजरने नागपूर. डॉ. दौऱ्यावर, रविवारी येतील. कंपाउंडरला सांगितले, सून सासऱ्यासमोर लेकराला घेत नाही, आमच्यात तशी रीत, साहेबांना तेवढे सांगा. तो हसला. ‘आजोबा, आई ती आई. तुमच्यासमोर काय अन् मागं काय?’ हात जोडून पुन्हा तेच सांगितले. चौथी शिकलेला माणूस मी. निरोप सांगतो म्हणाला. सांगेल की नाही कोण जाणे.

ता. १८

सूनबाईशी आज सरळ बोललो. म्हटले, चूक माझी झाली, यापुढे मी घरात असलो तरी पोरीला घेत जा. ती भिंतीकडे तोंड करून उभी. तशीच म्हणाली,

‘मामाजी, हो म्हणाच्या आधी मले काऊन नाई इचारलं?’

चंदा आत रडायला लागली. कौसल्या जागची हलली नाही. मी अंगणात गेलो तेव्हा आत गेली. सांगून रीत जात नाही.

ता. १९, रविवार

नामदेव आला. ओरडला नाही, तेच जास्त लागले. ‘डॉक्टरपुढं तुमी कर्ते होते ना बाबा, आता गाडीपुढंही तुमीच उभे राहा.’ कौसल्या म्हणते, पोर देणार नाही. नामदेव थोड्या वेळाने हळूच मला विचारतो, तिथं खरंच बरी होईल काय? मला काय माहीत. पाठवले आणि तिथे कोमेजली तर मीच. अडवले आणि इथे अशीच राहिली तरी मीच.

स्टेशनवर जाऊन आलो. डॉ.चा निरोप नाही.

डॉक्टरसाहेब, तुम्ही हे वाचणार नाही. तुम्ही वाईट माणूस नाही, दिसले तेच लिहिले. पुन्हा एकदा या. मी त्या दिवशी घरात नसतो, वडनेरला भावाकडे जाऊन बसतो. मग पाहा आणि मग ठरवा. तुम्ही जे ठरवाल ते, पण माझ्या हललेल्या मानेवर ठरवू नका. गाडी निघण्याआधी कोणाच्या तरी हाती एक शब्द पाठवा. लवकर कळवा.