व्हॉल्व्हचं अस्तर आणि परवाना

पपा, मरोळचा आपला गाळा अजून चालू आहे, आणि तो पुढेही चालेल असं आज दुपारपासून वाटतंय, म्हणून लिहायला बसले. परदेशातल्या एका औषध कारखान्याने आपले व्हॉल्व्ह मागवले होते. खोकी बांधून दाराशी लागली होती. हल्ली माल बाहेर पाठवण्याआधी सरकारची एक यादी बघावी लागते. शस्त्रांच्या कामीही येऊ शकतील अशा वस्तू त्यात असतात आणि त्यांना परवाना लागतो. तुमच्या धाकट्याने यादीवर नजर फिरवली. "अगं, साधं स्टील आहे. बॉम्ब विकतोय का आपण? पाठव ना यार!" मीही हो म्हणणार होते. आपल्या धंद्यात व्हॉल्व्ह बाहेरच्या धातूवरूनच ओळखतात, बिलावरही तेच लिहितात.

तेवढ्यात कॉलेजच्या सुट्टीतला तो दिवस आठवला. मी गाळ्यावर बसून व्हॉल्व्ह पुसून चकचकीत करतेय, आणि तुम्ही चहा खाली ठेवून ओरडता, "बाहेरून काय पॉलिश करतेस गं? आतून काय वाहणार ते विचारलंस?" तेही कारागिरांसमोर! मला असा राग आला होता. संध्याकाळी तुम्ही माझ्यासाठी गरम वडे आणलेत. मी यादी पुन्हा वाचली. आतून वाहणारं रसायन ज्या भागाला स्पर्श करतं तो कशाचा आहे, एवढंच तिथे विचारलं होतं. आपल्या व्हॉल्व्हला आतून खास प्लास्टिकचं अस्तर, आम्लाने स्टील खाऊ नये म्हणून. असे व्हॉल्व्ह रासायनिक अस्त्रं बनवायलाही चालतात, म्हणून परवाना लागणारच होता. तशीच खोकी गेली असती तर गाळ्याला टाळंच लागलं असतं.

मी माल थांबवला. धाकटा चिडला, गिऱ्हाईक ऑर्डर रद्द करायची भाषा बोलू लागलं. माल कोण वापरणार, कशासाठी, हे त्यांच्याकडून लिहून घेतलं आणि अर्ज केला. कितीतरी आठवडे कामगार त्या खोक्यांना वळसा घालून जात होते. आज परवाना आला. धाकट्याने सगळ्यांना चहा सांगितला. मी मोरीत जाऊन पोटभर रडले, इतकं सुटल्यासारखं वाटलं.

हे पत्र कुठे टाकणार? पण एक सांगते, रागावू नका. तुम्ही गेल्यापासून प्रत्येक गोष्ट मी मनात तुम्हाला विचारून करते. गिऱ्हाईक गेलं तरी चालेल, हे ठरवताना मात्र विचारलं नाही. तुम्ही नाही म्हणाल, अशी भीती वाटली.