अर्ध्या मिशीचं अनुदान

तीर्थस्वरूप मामांना भाच्याचा वाकून नमस्कार.

तुमचे गुडघे काय म्हणतात? मामींचा खोकला गेला का, की तुम्हाला मध्येच थांबवायला सोयीचा म्हणून ठेवला आहे? आम्ही सगळे मजेत. पत्राला खास कारण काही नाही. (भाच्याचं पत्र म्हणजे काहीतरी मागणं, असं तुम्ही मागे म्हणाला होतात, म्हणून आधीच सांगून टाकलं.)

इकडे नगरपालिकेने एक योजना काढली आहे. पहिली-दुसरीतल्या मुलांच्या घरी दर आठवड्याला एक वाचनताई येते, पिशवीतून गोष्टीचं पुस्तक देते, आणि घरातल्या मोठ्या माणसाने रोज मुलाचं वाचन ऐकायचं. मध्ये बोलायचं नाही, अडलेला शब्द सांगायचा नाही. ताईचा पगार, पुस्तकं, सगळं सरकारी पैशातून. आता आमच्याकडे रिकामं कोण? तुमची भाचेसून शिलाई मशीनवर, मी सलूनमध्ये. म्हणून आमची दुसरीतली धाकटी संध्याकाळी दुकानातच आरशाखालच्या स्टुलावर बसून वाचते. गिऱ्हाईकं फुकट ऐकतात. (एक गृहस्थ तर पूर्ण टक्कल असून आठवड्यात दोनदा केस कापायला येऊन गेले.)

गेल्या आठवड्यात आमचे नगरसेवक दाढीला आले. येत्या शुक्रवारच्या सभेत या योजनेच्या अनुदानाचा फैसला आहे आणि हे विरोधात, हे सगळ्या गल्लीला ठाऊक. त्यांची मिशी तुम्ही पाहिलेली नाही. (बाटल्या धुवायचा ब्रश आडवा धरा, झाली मिशी.) फेस लावून घेता घेता म्हणाले, "अरे, ही पोरं वाचत नाहीत, पाठ करतात. लोकांचा पैसा पाण्यात. तुझी पोरगी खरंच वाचत असेल ना, तर मिशी उतरवीन!" मी म्हटलं, "साहेब, मान वर," आणि मिशीची कड सारखी करायला वस्तरा घेतला.

धाकटी आपल्या नादात. गोष्टीत अस्वलाचं डोकं मधाच्या मडक्यात अडकलेलं, रात्र झाली समजून ते घरी निघालेलं, आणि समोर विहीर. "आणि अस्वल ध... ध..." जोडाक्षर आलं, गाडी अडली. दुकानात कुणी खाकरेना. बाजूच्या खुर्चीतला बेकरीवाला माझ्या पोऱ्याच्या कात्रीखालून मान वळवून बसला. आणि नगरसेवक, ज्यांच्या ओठावर माझा वस्तरा होता ते, ओरडले, "धक्का! धक्का असेल!"

मामा, ओठावर वस्तरा असताना माणसाने 'ध'सुद्धा म्हणू नये. डावी मिशी त्यांच्या मांडीवर आली. धाकटीने पुस्तकातून मान वर न काढता सांगितलं, "काका, अंदाज नाही करायचा, वाचायचं असतं," आणि वाचलं, "धप्पकन खाली बसलं."

मी म्हटलं, उजवीही काढतो, दोन्हीकडे सारखं होईल. तर कडाडले, "उजवी काढली की मी हरलो म्हणतील! पुस्तक आठवडाभर घरात आहे, तिला पाठच असणार." तेव्हापासून तोंडाला मफलर गुंडाळून हिंडतात, दाढ दुखते म्हणून सांगतात, आणि धाकटी वाचायला बसली की नेमके दाढीला हजर. (इतकी दाढी उगवते कुठून, देव जाणे.) वाचनताई मात्र रडवेली झाली. म्हणाली, "दादा, तुमच्या वस्तऱ्याने माझी नोकरीच कापली." धाकटी विचारते, ताई आता येणार नाही का? तिला काय सांगू?

असो. मामींना नमस्कार. लोभ आहेच, तो मिशीइतका तकलादू नाही.

तुमचा भाचा

ता. क. तुम्ही नाटकवाल्यांना रंगवता, तेव्हा पेटीत खोट्या मिश्या असतीलच. एक शुक्रवारच्या आत पाठवा. पूर्ण नको, डावी पुरे. करडी, जरा पिंजारलेली. भर सभेत मफलर सुटून अप्रतिष्ठा झाली, तर हा माणूस निव्वळ रागाने विरोधात हात वर करेल.

आणखी ता. क. मिशी पाठवू नका. हे पत्र पाकिटात घालायचं राहून आरशापुढे पडलं होतं. ते धाकटीच्या हाती लागलं आणि तिने भरल्या दुकानात मोठ्याने वाचलं, कंसांसकट. बाटल्यांचा ब्रशही वाचला. नगरसेवक खुर्चीत, अंगावर चादर. मी दरवाजाकडे बघत उभा. 'अप्रतिष्ठा'वर ती अडली. "अ... प्र... ति..." ज्यांची ती व्हायची होती ते ओठ घट्ट मिटून बसले. एक अक्षर सुचवलं नाही. शब्द पुरा झाला तेव्हा सगळ्यांत आधी त्यांनीच श्वास सोडला. म्हणाले, "हे काही तिला पाठ नव्हतं." मग जरा थांबून, "काढ उजवी." सभेच्या दारात शिपायाने त्यांना ओळखलं नाही, अडवून धरलं. पण हात वेळेवर वर झाला, योजनेच्या बाजूने. अनुदान वर्षभरासाठी मंजूर.

शेवटचा ता. क. उत्तर जपून लिहा. ते दुकानात वाचलं जाणार, आणि हल्ली माझ्या सासूबाई दुपारपासूनच पुढची खुर्ची अडवून बसतात. त्यांच्याबद्दल दर पत्रात जे विचारता, ते या खेपेला नको.