पडद्यामागचा श्वास

प्रिय बाबा,

हे पत्र तुम्हाला देता येणार नाही, कारण परीक्षकांनी उमेदवारांशी उद्याच्या निवडीबद्दल बोलायचं नाही, असा कंपनीचा नियम आहे. पण शेजारच्या खोलीत तुम्ही मघापासून चेलो घासताय आणि इथे माझा जीव थाऱ्यावर नाही.

कंपनीने सभागृह बांधलं, आपला वाद्यवृंद पोसला, आणि आता म्हणते, दोन चेलो कशाला, एक पुरे. उद्या तुम्ही दोघं चेलोवाले, कोण वाजवतंय ते कळू नये म्हणून, पडद्यामागे वाजवणार आणि मी समोर बसून गुण देणार. जेवताना तुम्ही म्हणालात, "पडदा आहे ना, मग तोंड पाडून का बसलीस?"

बाबा, पडद्याचा काय उपयोग? वाजवण्याआधी तुम्ही नाकाने जो श्वास ओढता, तो शेवटच्या रांगेतही ऐकू जातो. आपल्याकडे कंडक्टर नाही. इतकी वर्षं आम्ही सगळे त्या श्वासावरच सुरुवात करतो. पोरं म्हणतात, "शिट्टी झाली, गाडी सुटली."

मी तुमची बाजू घेईन, अशी मॅनेजरला धास्ती आहे. माझी धास्ती वेगळीच आहे. हल्ली लांब सुरांवर तुमचा गज थरथरतो. त्या दुसऱ्याचा थरथरत नाही.

म्हणून उद्या एवढं कराच, तो श्वास घेऊ नका. म्हणजे घरी आल्यावर तुमच्या नजरेला नजर देऊन मला म्हणता येईल, "ते तुम्ही होतात, हे मला कळलंच नाही."

तुमचीच लेक,
पहिल्या व्हायोलिनवरची